मदत हवी आहे: युद्धगुन्हे न्यायाधिकरणाला देशाने केलेलं 'सहकार्य' मोजायचं कशावरून?

नमस्कार मंडळी,

युद्धातून बाहेर पडलेले देश आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणांना सहकार्य का करतात, यावर दीर्घ निबंध लिहितोय. युगोस्लाव्हिया आणि रवांडा अशी दोन प्रकरणं घेतली आहेत. पहिलं जमलं, दुसऱ्यापाशी घोडं अडलंय.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ साली युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी हेगचं न्यायाधिकरण उभं केलं, पण त्याला स्वतःचे पोलीस दिले नाहीत. त्याच्या सनदेतल्या कलम २९ नुसार सहकार्य सगळ्या देशांना बंधनकारक. एखाद्याने दाद दिली नाही, तर सुरक्षा परिषदेकडे तक्रार करायची, एवढंच हातात. बोस्नियात नाटोच्या फौजांनी काही आरोपी धरले. सर्बिया आणि क्रोएशियात मात्र सरकारने हलल्याशिवाय काही होत नव्हतं, आणि तिथल्या बऱ्याच जनतेच्या लेखी हे आरोपी म्हणजे वीरपुरुष!

म्हणून माझी मांडणी सरळ होती: बाहेरचा दाब वाढला की सहकार्य वाढतं. न्यायाधिकरणाला सहकार्य केलं तरच मदत, असं म्हणत अमेरिकेने सर्बियाला ३१ मार्च २००१ची मुदत घातली होती. १ एप्रिलला माजी अध्यक्ष मिलोशेविच अटकेत. २८ जूनला त्याची हेगला रवानगी, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सला देणगीदारांची परिषद. (हा निर्णय रेटणारे सर्बियाचे पंतप्रधान जिंजिच यांची मार्च २००३ मध्ये हत्या झाली, हे विसरून 'दबावाला बळी पडले' असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो.) क्रोएशियाचंही तसंच. न्यायाधिकरणाला हवा असलेला क्रोएशियाचा जनरल गोतोविना सापडत नाही म्हणून युरोपीय संघाने मार्च २००५ मधल्या प्रवेशाच्या वाटाघाटी पुढे ढकलल्या. ३ ऑक्टोबरला न्यायाधिकरणाच्या मुख्य अभियोक्त्या देल पोंते यांनी 'पूर्ण सहकार्य' असा निर्वाळा दिला, त्याच दिवशी वाटाघाटी सुरू झाल्या, आणि डिसेंबरमध्ये गोतोविना स्पेनच्या टेनेरिफ बेटावर सापडला.

आता रवांडा. १९९४ मध्ये तिथल्या वंशसंहारासाठी वेगळ्या न्यायाधिकरणाचा ठराव आला तेव्हा रवांडा स्वतः सुरक्षा परिषदेचा सदस्य होता, आणि विरोधात मत देणारा एकटा तोच. न्यायाधिकरण बसलं टांझानियातल्या आरुषात. १९९९ मध्ये अपील खंडपीठाने वंशसंहाराचा आरोपी बारायाग्विझा याच्या सुटकेचा आदेश दिल्यावर रवांडाने सहकार्यच थांबवलं. पुढच्या मार्चमध्ये तो आदेश फिरवला गेला. २००२ मध्ये युद्ध जिंकून सत्तेत आलेल्या आरपीएफच्या (रवांडन पॅट्रिऑटिक फ्रंट) सैनिकांवरच्या आरोपांचा तपास चालू असताना साक्षीदारांच्या प्रवासावर अशा अटी आल्या की खटले खोळंबले. आरपीएफच्या एकाही माणसावर तिथे आरोपपत्र दाखल झालं नाही. दाब इथे उलट दिशेने चाललेला दिसतो.

'युद्ध जिंकलेलं सरकार सहकार्य करत नाही' असा नियम मांडला तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

नाही चालणार. क्रोएशियाही जिंकलेलाच होता की! सर्ब बंडखोरांविरुद्धची १९९५ची 'वादळ' मोहीम ज्यांनी फत्ते केली, त्यांच्यातल्याच सेनापतीला त्यांनी शोधून दिलं. जिंकलं कोण यापेक्षा सरकारला बाहेरून काय हवं होतं, ते बघा. रवांडालाही पुढे हवं होतंच: आरुषातले खटले आपल्या न्यायालयांकडे यावेत म्हणून २००७ मध्ये त्यांनी फाशीची शिक्षा रद्द केली, कारण फाशी होऊ शकेल अशा ठिकाणी खटले पाठवता येत नव्हते.

आणि 'सहकार्य' हा एकच डबा करू नका. माणूस ताब्यात देणं, कागद देणं आणि साक्षीदार येऊ देणं, हे तीन वेगळे व्यवहार आहेत. गोतोविनाच्या खटल्यात क्रोएशिया माणसावरून नाही, तोफखान्याच्या कागदपत्रांवरून अडकला. सर्बियाने युगोस्लाव्हियाच्या सर्वोच्च संरक्षण मंडळाची इतिवृत्तं दिली खरी, पण काही भाग गोपनीय ठेवण्याची सवलत मिळवून. रवांडाच्या हातात साक्षीदार होते, म्हणून चावीही त्यांच्याकडेच होती.

धागाकर्ता

तीन व्यवहारांची विभागणी घेतो, धन्यवाद. क्रोएशिया डोळ्यांसमोर असून 'जिंकलेलं सरकार' लिहून बसलो होतो! आता एकच अडतंय: अटकेची तारीख सापडते, कागदांबाबतची टाळाटाळ कशी दाखवायची? बोस्नियातला क्रोएट सेनाधिकारी ब्लाश्किच याच्या प्रकरणात १९९७ मध्ये हेगच्या अपील खंडपीठाने ठरवलं की देशाला समन्स काढता येत नाही, बंधनकारक आदेश मात्र देता येतो. असे आदेश आणि सरकारांची त्यावरची उत्तरं ओळीने लावली तर पुरावा म्हणून टिकेल का? हेगच्या कामकाजाच्या नोंदी कोणी चाळल्या असतील, तर सुरुवात कुठल्या खटल्यापासून करू?