मदत हवी आहे: मराठीतून नोटिसा मागायच्या तर अर्ज नेमका कुणाकडे?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात घरपट्टीची नोटीस फक्त कन्नडमधून येते. शेजारच्या आजी ती नोटीस हातात धरून वाचून घ्यायला दारोदार फिरतात. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के वा जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे मान्य धोरण आहे. तालुक्याला अर्ज दिला, पोच आहे. उत्तर तोंडी, 'वरून आदेश नाही.' कन्नडला विरोध नाही, सोबत मराठी हवी, बस्स. सीमावाद सुप्रीम कोर्टात आहेच, तो इथे नको. वकिलाचा खर्च झेपणार नाही. आता राज्यघटनेच्या कलम 350 ब खालच्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना थेट लिहावं, की आधी डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसातून लेखी नकार घ्यावा? सोबत 2011 च्या जनगणनेतला तालुक्याचा मातृभाषेचा तक्ता पुरेल का?