रँडम होमोमॉर्फिझम हायपरक्यूबवर पसरत का नाही?

पंचवटीकर:
नाशिकलाच एमएस्सी मॅथ्स करतोय, सेमिनारला हा टॉपिक घेतलाय. होमोमॉर्फिझम म्हणजे इथे ग्राफच्या प्रत्येक व्हर्टेक्सला (बिंदूला) एक पूर्णांक द्यायचा, एजने (रेषेने) जोडलेल्या दोघांत फरक बरोब्बर १, एका व्हर्टेक्सला ० फिक्स, आणि असे जेवढे मॅप बसतात त्यातला एक युनिफॉर्मली, सगळ्यांना सारखा चान्स देऊन, उचलायचा. पाथवर, म्हणजे एका रांगेत जोडलेल्या व्हर्टेक्सवर, हा सरळ रँडम वॉकच, एन स्टेप्सला पसारा एनच्या वर्गमूळाएवढा. पण हायपरक्यूबवर, म्हणजे डी डायमेन्शनच्या क्यूबच्या कोपऱ्यांवर आणि कडांवर, म्हणे पाचापेक्षा जास्त वेगवेगळ्या व्हॅल्यूज येतच नाहीत, डायमेन्शन डी कितीही वाढवा. समोरासमोरचे कोपरे तर डी एज लांब असतात, मग मॅप वर का चढत नाही?

गोदाकाठ:
चढायला जागा आहे रे पण मोकळीक नाही. छोटं करून बघ, दोन व्हर्टेक्स घे, मधे डी कॉमन शेजारी. पहिल्याला ०. दुसऱ्यालाही ० दिला तर प्रत्येक शेजारी आपल्या मर्जीने १ किंवा −१ घेतो, म्हणजे २ चा डी घात इतके मॅप. दुसऱ्याला २ दिला की सगळ्यांना १ च घ्यावा लागतो, एकच मॅप, −२ चंही तसंच. चौकोनात, म्हणजे डी २ असताना, ६ पैकी ४ मॅपमध्ये समोरचा कोपरा ०, डी १० केला की १०२६ पैकी १०२४! सावानात (सार्वजनिक वाचनालयात) येत असशील तर कागदावर करून दाखवतो.

गंगापूररोड:
"येतच नाहीत" असं सेमिनारला म्हणू नकोस, डी वाढवत नेला की सहावी व्हॅल्यू यायची प्रोबॅबिलिटी ० कडे जाते, एवढंच. हा प्रश्न बेंजामिनी, हॅगस्ट्रॉम, मोसेल यांच्या २००० च्या पेपरातला, २००१ मध्ये कानने रेंज (किती वेगवेगळ्या व्हॅल्यूज येतात ते) बाउंडेड आहे, डी बरोबर वाढत नाही, हे दाखवलं, पाचाचा आकडा गॅल्विनचा, २००३.
आणि पाचच का, हा भाग मला सगळ्यात आवडतो. क्यूबचे व्हर्टेक्स, फिक्स केलेल्या व्हर्टेक्सपासून किती एज लांब यावरून, सम-विषम दोन गटांत पडतात, टिपिकल मॅपमध्ये एक गट जवळपास सगळा एका लेव्हलला, धर ०, आणि दुसरा १ नाहीतर −१ घ्यायला मोकळा. आता ० वाल्यातला एखादा २ वर जायचा तर त्याचे सगळे डी शेजारी १ वर हवेत, चान्स साधारण २ च्या डी घातात एक. पण असे व्हर्टेक्स २ चा डी वजा १ घात इतके आहेत, गुणाकार केला की सरासरी अर्धा, डी उडूनच गेला! म्हणून कधी एखादा २ किंवा −२ दिसतो, कधी नाही. ३ यायला मात्र एकाच व्हर्टेक्सचे सगळे शेजारी २ वर हवेत, डी मोठा असला की ते होत नाही.

पंचवटीकर:
भारी, हा गुणाकारच बोर्डवर करतो. साध्या चौकोनी ग्रिडवर पण असंच सपाट राहतं का?

गंगापूररोड:
नाही, तिथे व्हेरियन्स ग्रिडच्या साइझच्या लॉगप्रमाणे वाढत जातो, म्हणजे हळूहळू पण वाढतोच. स्क्वेअर आइस (चौकोनी ग्रिडवरचं बर्फाचं मॉडेल) याचं हाइट फंक्शन म्हणतात ते हेच. व्हॅल्यूला ३ ने भागून बाकी घे, शेजारी-शेजारी कधी सारखी येत नाही, म्हणजे ग्रिडचं तीन रंगांचं कलरिंग मिळालं. वेळ उरला तर ते पण घे.