संशोधनात नवीन आहे, हातात आठ दिवस: कोणतं प्रशिक्षण घेऊ?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी क्लिनिकल संशोधनात शिरले. सकाळी ओपीडी, दुपारनंतर अभ्यासाचं काम. विभागाने वर्षाला आठ दिवस प्रशिक्षणासाठी दिलेत आणि आमंत्रणांचा नुसता पाऊस पडतोय: ग्रँट कशी लिहावी, नेतृत्वगुण, आर (आकडेवारीची संगणकभाषा), मशीन लर्निंग, वेळेचं नियोजन. आजवर मिळवलेलं एकमेव सर्टिफिकेट जीसीपीचं, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाच्या नियमांचं. तेही क्विझची उत्तरं पुन्हापुन्हा क्लिक करून, खोटं कशाला बोलू. आठ दिवस कुठे घालवावेत? एक मैत्रीण पीएचडीनंतर लॅबमध्ये काम करते, तिलाही हाच प्रश्न पडलाय.

आकडेमोड
मी संख्याशास्त्रवाला, त्यामुळे पक्षपात आधीच कबूल. माझ्याकडे लोक येतात ते बहुतेक वेळा डेटा गोळा करून झाल्यावर. "सर, आता कुठली टेस्ट लावू?" संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३८ सालीच म्हणून ठेवलंय की प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे पोस्टमॉर्टेमला बोलावणं, फार तर प्रयोग कशाने दगावला तेवढं तो सांगेल. डॉक्टर लोकांना निदान ही उपमा तरी कळावी!

तेव्हा आठातले तीन दिवस अभ्यासाची आखणी आणि नमुना-संख्या (किती रुग्ण घ्यायचे) यांना द्या. अट एकच, स्वतःचा अर्धाकच्चा प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, घेऊन जायचं. रिकाम्या हाताने गेलात तर स्लाइड्स छान वाटतात आणि सोमवारपर्यंत विसरतात. आर शिकायला मात्र रजा वाया घालवू नका, ते रोज अर्धा तास घरी बसून येतं.

मागे एका शीटमध्ये रुग्णांचं सरासरी वय भलतंच जास्त येत होतं. तासभर डोकं खाजवल्यावर सापडलं: वय माहीत नसेल तिथे ९९९ टाकलेलं. हिमोग्लोबिनच्या कॉलममध्ये एका ठिकाणी आकड्याऐवजी "ठीक" लिहिलं होतं. ही चूक कुठल्या महागड्या कोर्सने टळत नाही. पहिला रुग्ण घेण्याआधी प्रत्येक कॉलमचा अर्थ, एकक आणि माहिती नसल्यास काय लिहायचं, हे एका कागदावर उतरवलं की टळते.

रात्रपाळी
९९९ वाचून घाम फुटला. आमच्या शीटमध्ये -१ आहे.

फाइलवाली
मी स्टडी कोऑर्डिनेटर. जीसीपीचं मनावर घेऊ नका, आम्ही सगळे तसेच पास झालोत. पण आता जीसीपीचे नियम ठरवणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेची नवी आवृत्ती, ई६ आर३, जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालीये, तेव्हा एकदा नीट बसून वाचाच. आणि एक दिवस कोर्सऐवजी तुमच्याच कोऑर्डिनेटरच्या शेजारी काढा, मॉनिटर (अभ्यासाच्या नोंदी तपासणारा) यायचा असेल तो दिवस गाठा. एकदा आमच्याकडे मॉनिटरने संमतिपत्रांची फाइल उघडली आणि तिसऱ्याच पानावर थांबला. एथिक्स कमिटीने नवा नमुना मंजूर करून दोन आठवडे झाले होते, तरी रुग्णाची सही जुन्या नमुन्यावर. तळाशी बारीक अक्षरात छापलेला आवृत्ती क्रमांक कुणी बघितलाच नव्हता. त्या दुपारी मी जे शिकले ते दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये शिकले नव्हते.

ट्रायल असेल तर पहिल्या रुग्णाआधी तिची ट्रायल रजिस्ट्रीत नोंदणी करा. आयसीएमजेई या वैद्यकीय संपादकांच्या समितीची नियतकालिकं २००५ पासून याबाबतीत ऐकून घेत नाहीत.

पिपेटवाली
मैत्रिणीसाठी लिहिते. लॅबवाल्यांचं दुखणं वेगळं. एकाच प्लेटमधल्या तीन वेल (खळगे) मोजायच्या आणि "एन बरोबर तीन", म्हणजे तीन प्रयोग, असं लिहायचं, हे मी स्वतः दोन वर्षं केलंय. त्या तीन वेल म्हणजे एकाच प्रयोगाची तीन मोजमापं, तीन प्रयोग नव्हेत. प्राण्यांवर काम असेल तर अराइव्ह या प्राणी-प्रयोगांच्या अहवालाच्या मार्गदर्शक सूचनांची २०२० ची आवृत्ती वाचायला सांगा. त्यातले दहा अत्यावश्यक मुद्दे एका संध्याकाळी वाचून होतात.

दुसरं, लेखकत्व. यावर कुणी वर्कशॉप घेत असेल तर डोळे मिटून जा. एका पेपरचे सगळे प्रयोग माझे, पण नावांच्या क्रमाचं बोलणं निघालं ते थेट सबमिशनच्या आदल्या रात्री. माझं नाव तिसरं. लेखक कुणाला म्हणायचं याचे आयसीएमजेईचे चार निकष तेव्हा माहीत असते तरी भांडण झालंच असतं, पण सहा महिने आधी झालं असतं. आता मी काम सुरू करतानाच क्रेडिट या योगदानाच्या वर्गीकरणातल्या चौदा भूमिकांची यादी समोर ठेवते आणि कोण काय करणार ते मेलवर लिहून घेते. थोडं अवघड वाटतं. वाटू दे.

तिरकस
सगळं पटलं. नेतृत्वगुणवाल्यांना मात्र लांबूनच नमस्कार. दिवसभर रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवायच्या, शेवटी ग्रुप फोटो.

पिपेटवाली
सरसकट नाही हो. "अवघड संभाषणं" नावाचं अर्ध्या दिवसाचं एक सत्र केलं होतं. जोड्या पाडून गाइडला "नाही" म्हणायचा सराव! हसत होतो आम्ही. पण पुढच्याच महिन्यात चौथा प्रोजेक्ट गळ्यात पडायला आला तेव्हा "घेते, पण आधीच्या तीनातला कुठला बाजूला ठेवू?" हे वाक्य तिथूनच तोंडात आलं. प्रोजेक्ट टळला.

करिअरच्या आराखड्यासाठी मायआयडीपी ऑनलाइन मोफत आहे. एकटीने भरलात तर वर्षभर तसाच पडून राहतो, माझा राहिला. गाइडसोबत बसून भरा, किंवा गाइडला वेळ नसेल तर दुसऱ्या विभागातल्या एखाद्या सीनियरसोबत.

आकडेमोड
अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचा क्लिनिकल संशोधनाच्या तत्त्वांवरचा कोर्सही ऑनलाइन आणि मोफत आहे. रजा न टाकता होईल. ग्रँटचं वर्कशॉप मात्र हातात अर्ज असेल त्याच वर्षी करा.

रात्रपाळी
ठरलं मग. तीन दिवस आखणीला, एक फाइलवालीताईंच्या सल्ल्याने मॉनिटरच्या दिवशी, एक लेखकत्वाला, अर्धा "नाही" म्हणायला. उरलेले अडीच अर्ज सुचेपर्यंत राखीव. आत्ता -१ शोधत बसलेय, सत्तेचाळीस सापडले.

मैत्रीण विचारतेय: पिंजऱ्यांचं रँडमायझेशन (कुठला पिंजरा कुठल्या गटात, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं) एक्सेलमध्ये केलं तर चालेल?

पिपेटवाली
चालेल. फक्त यादी जिने केली तिने मोजमापं घेऊ नयेत. आणि रॅकवरच्या जागाही यादीतूनच ठरवा, नाहीतर सगळा कंट्रोल ग्रुप वरच्या खणात दिव्याजवळ जाऊन बसतो.