थेंब बंद करू नका
व्हिटॅमिन सी भरपूर घेतलं की काचबिंदूचे, म्हणजे डोळ्याचा दाब कमी ठेवणारे, थेंब सोडता येतात, असं तुमच्या मामांना कुणीतरी सांगितलंय, त्याबद्दल. १९६० च्या दशकात इटलीतल्या डॉक्टरांनी हा प्रयोग खरंच केला होता, आणि डोळ्याचा दाब उतरलाही. पण मात्रा किती? वजनाच्या दर किलोला अर्धा ग्रॅम! म्हणजे ६० किलोच्या माणसाला ३० ग्रॅम, चघळायच्या ५०० मिलिग्रॅमच्या तब्बल ६० गोळ्या. रक्तात एवढं सी मिसळलं की ते डोळ्याच्या आतलं पाणी ओढून घेतं. एका डोसचा परिणाम काही तासांचा. पोट मात्र चांगलंच बिघडतं. मुतखडा होऊन गेला असेल तर नकोच. आवळे खुशाल खाऊ देत. पण थेंब सोडले आणि वाढलेल्या दाबाने डोळ्याची नस सुकली, तर गेलेली नजर परत येत नाही हो. मामांचा दाब शेवटचा कधी मोजला होता?