इंग्रजीच्या तासाला मराठी बंद? मग प्रशिक्षण कशाचं?

देवगडकर मास्तर
काल इथे कुणीतरी लिहिलं, "इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द नको. शिक्षकांच्या प्रशिक्षणात एवढंच शिकवा." वाचून गप्प बसवेना. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. जोडीत काय विचारायचं ते इंग्रजीतून तीनदा सांगितलं तरी पोरं तोंडाकडे बघत राहतात. तेच मराठीतून एकदा सांगा, नमुन्याचं वाक्य फळ्यावर लिहा, दोघांना पुढे बोलावून करून दाखवा आणि बाजूला व्हा. नवा शब्द द्यायचा तर 'क्रीक, खाडी, क्रीक'. शेवटी कानात इंग्रजी राहिलं पाहिजे. 'आय स्कूल गो' का येतं? मराठीत क्रियापद शेवटी असतं म्हणून. दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहिली की मुलांना ते दिसतं.

खाडीपलीकडे
ती पोस्ट माझीच. तुम्ही सांगता तेवढीच मराठी वापरली तर भांडण नाही, पण तसं होत नाही. धड्यातली ओळ वाचायची, लगेच अर्थ सांगायचा, पुढची ओळ. मराठी येणारच हे कळलं की मूल इंग्रजी ऐकायचं सोडून देतं. वाडीवर इंग्रजी कानावर पडायला हा एकच तास, तोही भाषांतरात गेला तर उरलं काय?

माका सांगा
आणि मराठी म्हणजे कुठली? मालवणात पहिलीतलं पोर 'खंय चललंस' म्हणतं. त्याला पुस्तकी 'कुठे चाललास' आधी शिकवायचं आणि मग 'व्हेअर आर यू गोइंग'? त्याच्या बोलीतून थेट जा. प्रशिक्षणात यावर चकार शब्द नसतो.

गुहागरी
भाषांतर परवडलं. खरं नुकसान इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं त्याचा उच्चार देवनागरीत लिहिण्यानं होतं. डोळा खालच्या अक्षरांवर जातच नाही. खात्री करायची तर दुसऱ्या दिवशी वरची ओळ कागदाच्या पट्टीनं झाका आणि शब्दांचा क्रम बदला. वाचन तिथेच थांबतं.

देवगडकर मास्तर
सरसकट बंदी घालू नका. आपल्याकडे हलन्त आहे, म्हणजे पाय मोडलेलं अक्षर. 'क, ॲ, ट' म्हटलं की प्रत्येक व्यंजनाला 'अ' चिकटतो, जोडताना 'कॲट' होतं आणि मूल गोंधळतं. 'क्, ॲ, ट्' लिहून दाखवलं की 'कॅट' आपोआप जुळतं.

गुहागरी
मग 'वेट' लिहून दाखवा. प्राण्यांचा डॉक्टर की ओलं? व्ही आणि डब्ल्यू दोघांना एकच व. 'थिंक'मधला थ आपला थ नव्हे, तिथे जीभ दातांमध्ये येते. 'ज' लिहिला तर 'जीव'मधला की 'जागा'मधला, हे इंग्रजी शब्दावरून मुलाला कसं कळणार? या चुका मुलांच्या नव्हेत, तुमच्या वरच्या ओळीच्या आहेत. वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि त्याची बाजू घेणारे शिक्षकच निघावेत, याचा संताप येतो.

देवगडकर मास्तर
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही. हलन्त आवाज जोडायला शिकवण्यापुरता, फळ्यावर, आणि काम झालं की पुसायचा. पुस्तकात नको, हे तुमचं मान्य. पण 'वन', 'सेड', 'पीपल' हे शब्द आवाज जोडून वाचताच येत नाहीत. त्यांचं काय?

गुहागरी
त्यांच्यापुरतं कार्डाच्या पाठीवर लिहा. पुढच्या बाजूला फक्त इंग्रजी. एवढं सोडतो, पुढे एक पाऊल नाही. बाकी सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांच्या आवाजांनी करा. 'सॅट', 'पिन', 'टॅप', 'निप' लगेच वाचता येतात. चाचणीत मात्र कधीच न शिकवलेला शब्द द्या, नाहीतर पाठांतरच तपासाल.

खाडीपलीकडे
एक प्रश्न बाजूलाच राहिला. हे सगळं शिक्षकाला शिकवणार कोण? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण सांगतं. ते राज्य, जिल्हा, तालुका आणि शेवटी केंद्र, म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, असं झिरपत येतं. दर टप्प्याला वेळ कमी होतो, प्रात्यक्षिक गळतं आणि केंद्रावर पोचतात नुसत्या स्लाइड्स.

माका सांगा
केंद्रातले शिक्षक जमतात त्या शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते शेवटी घ्या. आधी एकाने २० मिनिटं खऱ्या मुलांना शिकवायचं, बाकीच्यांनी मागे बसून फक्त मुलं मोजायची: किती जणांनी एक तरी इंग्रजी वाक्य स्वतः म्हटलं. एका सुरातलं उत्तर मोजायचं नाही.

खाडीपलीकडे
चालेल. मराठी किती वाक्यं झाली, तेही मोजा. सूचनेपलीकडे गेली तर माझी बंदी कायम.