मदत हवी आहे : केबिन क्रू ट्रेनिंगची अंतिम परीक्षा, प्रात्यक्षिकात आवाज निघत नाही

नमस्कार मंडळी,

मी मूळची करमाळा तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे पुण्यात बीकॉम. एका विमान कंपनीत केबिन क्रू म्हणून निवड झाली आणि सध्या गुरुग्रामला ट्रेनिंग सुरू आहे. ग्रूमिंग, सर्व्हिस, डेंजरस गुड्स हे सगळं झालं. आता सेफ्टी अँड इमर्जन्सी प्रोसिजर्स, म्हणजे इथल्या भाषेत एसईपी, त्याची अंतिम परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. लेखी पेपर, दरवाज्याचं प्रात्यक्षिक, आग विझवणं, प्रथमोपचार, स्विमिंग पूलमधलं वेट ड्रिल आणि शेवटी तोंडी परीक्षा. आमच्याकडे पास व्हायला ८० टक्के लागतात. विमान एअरबस ए-३२०.

लेखीचं फारसं टेन्शन नाही. अडतंय ते दरवाज्याच्या प्रात्यक्षिकात. कमांड्स, म्हणजे आणीबाणीत प्रवाशांना ओरडून द्यायचे हुकूम, पाठ आहेत, झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगेन. पण मॉक-अपमध्ये (सरावाच्या नकली केबिनमध्ये) जंप सीटवरून (क्रूच्या घडीच्या खुर्चीवरून) उठून दाराशी गेले की ओरडताना हात थांबतात आणि हाताकडे लक्ष दिलं की तोंड बंद होतं. आवाजही बारीक निघतो. सरावात शेरा मिळाला, "पाचव्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही." पीजीत एका खोलीत तिघी राहतो, तिघींच्या वेळा वेगळ्या, त्यामुळे मोठ्याने सराव करायला जागा नाही.

दुसरं म्हणजे शहरांचे कोड आणि यूटीसीची, म्हणजे जगभरच्या प्रमाण वेळेची, गणितं. तारीख बदलली की गोंधळ होतो.

तिसरं, तोंडी परीक्षेत "असं का?" विचारतात. मॅन्युअलमध्ये काय करायचं ते लिहिलंय, का करायचं ते दर वेळी लिहिलेलं नसतं.

निवड कशी होते, इंटरव्ह्यूला काय घालायचं, यावर नेटवर ढीगभर सापडतं. निवडीनंतरच्या या भागावर मराठीत काहीच मिळालं नाही, म्हणून इथे विचारतेय. घरी आई-बाबांना यातलं काही सांगता येत नाही, त्यांना वाटतं आता नोकरी लागलीच. कुणी या क्षेत्रात असाल तर कृपया सांगा.

---

जुनी_क्रू :

आधी अभिनंदन. तुला "तू" म्हणते, चालेल ना? बरीच वर्षं उडले, नंतर काही काळ नव्या मुलींना शिकवलंही.

तुझी अडचण फार ओळखीची आहे. सर्व्हिसच्या तासांना आपल्याला हळू, गोड, वाकून बोलायला शिकवतात. एसईपीत त्याच मुलीने एकदम करड्या आवाजात हुकूम सोडायचा असतो. आपल्याकडच्या मुलींना तर लहानपणापासून "हळू बोल" हेच ऐकवलेलं असतं. म्हणून पहिली गोष्ट मनात पक्की कर की तिथे प्लीज नाही, सर नाही, मॅडम नाही. तो हुकूम त्यांच्या जिवासाठी आहे.

२२ ऑगस्ट १९८५ ला मँचेस्टरला एक बोइंग ७३७ धावपट्टीवरच पेटलं. विमान हवेत गेलंच नव्हतं, तरी ५५ माणसं गेली, बहुतेक धुराने. त्यानंतर इंग्लंडच्या क्रॅनफील्डमध्ये हेलन म्यूर यांनी लोकांना खऱ्या विमानातून बाहेर काढण्याचे प्रयोग केले. दाराशी उभा असलेला क्रू ठामपणे ओरडत आणि ढकलत असेल तर लोक लवकर बाहेर पडतात, क्रू गप्प किंवा मवाळ असेल तर दाराशी कोंडी होते, हे त्यातून दिसलं. हे कळलं की ओरडायची लाज वाटत नाही.

आता आवाज. घशातून ओरडलीस तर तो चिरकतो आणि दोन दिवसांत बसतो. करमाळ्याची आहेस ना? पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाळी घालतात, तसा पोटातून काढ. श्वास आत, पोट घट्ट, शब्द छोटा, शेवटचं अक्षर गिळायचं नाही. जागेचं म्हणशील तर पहाटे जवळच्या मैदानात जा, एकीला पन्नास पावलांवर उभी कर आणि ऐकू आलं की हात वर करायला सांग. आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरेत. आधी वॉचमन काकांना सांगून ठेव, नाहीतर ते धावत येतील.

हात आणि तोंड एकत्र न येण्यावर उपाय एकच. कमांड वेगळी पाठ करायची नाही, प्रत्येक हालचालीला बांधून पाठ करायची. खोलीच्या दाराला विमानाचं दार समज. खिडकीतून बाहेर बघ: आग, पाणी, अडथळा काही आहे का? मग आर्मिंग लीव्हर आर्म्डवर आहे ना ते बघ, म्हणजे दार उघडताच स्लाइड (खाली उतरायची फुगणारी घसरगुंडी) आपोआप फुगेल. हँडल पूर्ण वर. एका हाताने असिस्ट हँडल (दाराशेजारची पकडायची मूठ) घट्ट धर. स्लाइड हाताने फुगवायचं लाल मॅन्युअल इन्फ्लेशन हँडल ओढ. स्लाइड फुगली का बघ. मग लोकांना बोलव. प्रत्येक टप्प्याला तोंडातून एक शब्द गेलाच पाहिजे, आवाज न करता फक्त ओठ हलवलेस तरी चालेल. रूममेट झोपलेल्या असतानाही हा सराव होतो. मैदानात आवाज, खोलीत हात, शेवटच्या दोन दिवसांत दोन्ही एकत्र.

शब्द मात्र तुझ्या मॅन्युअलमधलेच वापर. कंपनीगणिक कमांड बदलतात. यूट्यूबवर दुसऱ्या कंपनीचं बघून त्यांचे शब्द तोंडात बसले तर परीक्षक लगेच थांबवतात.

---

हँगरवाला :

मी विमान देखभालीत आहे, मुंबईला. वरचं बरोबर आहे, दरवाज्याबद्दल थोडं घालतो, कारण तोंडी परीक्षेतले "का" बहुतेक इथूनच येतात.

असिस्ट हँडल का धरायचं? आर्म्ड असताना हँडल उचललं की ए-३२० चं दार आपोआप जोरात बाहेर उघडतं. पकड नसेल तर तुम्हीच बाहेर जाल. शिवाय मागून लोक ढकलत असतात.

स्लाइड आपोआप फुगते, तरी लाल हँडल का ओढायचं? आपोआप नाही फुगली तर, म्हणून. फुगते की नाही याची वाट बघत बसायचं नाही, दर वेळी ओढायचं.

दारावरचे दोन दिवे लोक नेहमी उलट सांगतात. हँडल थोडं उचलल्यावर पांढरा लागला म्हणजे स्लाइड आर्म्ड आहे. विमान गेटवर उभं आहे, उतरायची वेळ आहे आणि पांढरा लागला, तर हात तिथेच थांबवायचा. खाली लाल लुकलुकत असेल तर आत अजून दाब शिल्लक आहे, दार उघडायचं नाही. गेटवर चुकून स्लाइड सुटली की खाली उभ्या माणसाला गंभीर इजा होऊ शकते आणि ते विमान पुढे जात नाही. म्हणून डिसआर्म केल्यावर (दार उघडलं तरी स्लाइड सुटणार नाही असं केल्यावर) सेफ्टी पिन आत, लाल पट्टी बाहेर दिसली पाहिजे, आणि समोरच्या दाराच्या क्रूने ते तपासायचं. क्रॉस चेक म्हणजे केवळ बोलायचा शब्द नाही, मान वळवून डोळ्यांनी बघायचं.

९० सेकंदांचा नियमही विचारतात. विमानाच्या प्रमाणीकरणात सगळे लोक ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावे लागतात, तेही निम्मेच दरवाजे वापरून. आपलं दार निम्म्या बंद दारांपैकी असू शकतं, म्हणून आधी खिडकीतून बघायचं आणि दार निकामी असेल तर तिथून हलायचं नाही, लोकांना दुसरीकडे वळवायचं.

---

काउंटर नंबर चार :

कोडबद्दल. आपल्या घरचे आधी पक्के करा: मुंबई बीओएम, पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी, कोल्हापूर केएलएच, नाशिक आयएसके, शिर्डी एसएजी. गोव्याला दोन, दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स. घोळ होतो तो आयएक्सने सुरू होणाऱ्यांत. ते सगळे एका कागदावर घ्या: चंदीगड आयएक्ससी, बागडोगरा आयएक्सबी, जम्मू आयएक्सजे, लेह आयएक्सएल, रांची आयएक्सआर, मदुराई आयएक्सएम, पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) आयएक्सझेड आणि आपलं छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू. फक्त मंगळुरूचं आयएक्सई आणि मदुराईचं आयएक्सएम यांत मुलं हमखास फसतात.

यूटीसीला आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. मुंबईत ५ तारखेच्या पहाटेचे ०२:१५ म्हणजे यूटीसी ४ तारखेचे २०:४५. पहाटे साडेपाचच्या आधीची कुठलीही भारतीय वेळ दिसली की आधी तारीख एकने मागे लिहून टाका, मग वजाबाकी. उड्डाणाचा वेळ काढताना दोन्ही टोकं यूटीसीत आणा: मुंबईहून ०४:०० ला निघाले म्हणजे २२:३० यूटीसी, सिंगापूरला (यूटीसीच्या आठ तास पुढे) तिथल्या १२:०० ला पोचले म्हणजे ०४:०० यूटीसी, प्रवास साडेपाच तास. थेट स्थानिक वेळांची वजाबाकी केली की चुकलंच.

---

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी_क्रू ताई, आज पहाटे मैत्रिणीला घेऊन मैदानात गेले. चाळीस पावलांपर्यंत ऐकू गेलं असं ती म्हणाली.

अजून दोन गोष्टी. एक, कॅप्टनचा आदेश नसताना क्रूने इव्हॅक्युएशन (लोकांना तातडीने विमानाबाहेर काढणं) सुरू करायचं का, यावर वर्गात प्रत्येक जण वेगळं सांगतो. दोन, मला पोहता येत नाही. आमच्याकडे विहिरीत पोरं पोहायची, मुलींना कोणी उतरू दिलं नाही. लाइफ जॅकेट घालूनच उतरायचं आहे, पण पाण्याची भीती वाटते.

---

जुनी_क्रू :

पहिल्याचं उत्तर. आदेश कॅप्टनचाच, तो येईपर्यंत थांबायचं. पण आग, दाट धूर, विमान मोडलेलं किंवा पाण्यात उतरलेलं असेल आणि कॉकपिटशी संपर्क होत नसेल, तर क्रू स्वतः सुरू करू शकतो. तोंडीत एवढंच सांगून थांबू नकोस, आधी संपर्काचा प्रयत्न करीन हे म्हण. ते वाक्य राहिलं की गुण जातात.

२ जानेवारी २०२४ चं हानेदा नक्की वाचून जा. जपान एअरलाइन्सचं ए-३५० उतरताना तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती. घोषणायंत्रणा बंद पडली, क्रूने मेगाफोन आणि स्वतःचा आवाज वापरला. आठपैकी तीनच दारं वापरता आली. ३७९ च्या ३७९ बाहेर आली. मघाशी तुला आवाजाबद्दल एवढं लांबलचक लिहिलं ते यामुळे.

आगीच्या प्रात्यक्षिकाबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते. स्मोक हूड (धुरापासून वाचवणारी डोक्यावरची टोपी) घालताना मानेच्या रबरी पट्टीत केस अडकले तर धूर आत येतो. अंबाडा खाली, मानेजवळ घट्ट बांध, कानाजवळच्या बटा आत सार आणि बोटं पट्टीभोवती पूर्ण फिरवून बघ. परीक्षकांचं तिकडे लक्ष असतं. टॉयलेटच्या दाराला तळहात नाही, हाताची मागची बाजू लावायची. पॉवर बँक पेटली तर ज्वाळा विझल्यावर काम संपत नाही, पाणी ओतत राहून थंड करायची, कारण आतले सेल पुन्हा पेटतात. बर्फ टाकायचा नाही, त्याने उष्णता आतच कोंडते.

---

१०८ वाला :

रुग्णवाहिकेवर काम करतो, विमानातलं माहीत नाही पण सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि श्वास देणं) रोजचं आहे. प्रौढाला ३० दाब, २ श्वास. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. पुतळ्यावर मुलींचे गुण बहुधा दोन ठिकाणी जातात. कोपर वाकतात, आणि दाब दिल्यावर छाती पूर्ण वर येऊ देत नाहीत. खांदे थेट हातांच्या वर आणा आणि कमरेतून वजन टाका, दंडाच्या ताकदीने नाही. मोजायचं मोठ्याने. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) शॉक देताना "कोणी हात लावू नका" म्हणून स्वतः चहूबाजूंना बघायचं, नुसतं म्हणायचं नाही.

---

हँगरवाला :

पाण्याबद्दल मीही सांगतो, कारण जॅकेटचं "का" हमखास विचारतात. नोव्हेंबर १९९६ मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं. अनेकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी भरल्यावर ते छताकडे ढकलले गेले, खाली बुडी मारून दारापर्यंत जाता आलं नाही. म्हणून जॅकेट दाराशीच फुगवायचं, आत नाही.

---

जुनी_क्रू :

पोहता येत नसल्याचं इन्स्ट्रक्टरला आधीच सांग, ड्रिलच्या दिवशी काठावर नाही. ट्रेनिंग विभागाला ईमेल टाक. काही कंपन्या ठराविक अंतर पोहून दाखवायला सांगतात, काही फक्त जॅकेटवर तरंगणं आणि राफ्टमध्ये (फुगवलेल्या तराफ्यात) चढणं बघतात, तुमच्याकडे काय आहे ते लेखी मागून घे. तोवर राहत्या भागातल्या एखाद्या पूलला लेडीज बॅचला जा आणि पोहायला शिकायच्या मागे न लागता तीनच गोष्टी कर: तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, पाठीवर तरंगणं आणि काठ धरून हातांच्या जोरावर वर येणं. राफ्टमध्ये चढताना मुली नुसत्या हातांनी ओढून वर यायला जातात आणि दमतात. पाय जोरात मारायचे, छाती कडेवर आली की पोटावर आत घसरायचं. आतली मुलगी तुला ओढेल, मग तू पुढचीला ओढायचं.

मैदानातला सराव चालू ठेव. लेखीचा निकाल लागला की इथे लिही, त्याच्या दुसऱ्या दिवशी दारं असतील तर रात्री फोनवर एकदा म्हणून घेऊ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.