बेअर्स : कॅलेबवर खापर फोडण्याआधी त्याच्या पुढची पाच माणसं बघा

प्रेषक : नेपरव्हिलकर
दिनांक : १३ ऑगस्ट २०२५

मंडळी नमस्कार,

रविवारी डॉल्फिन्सबरोबरच्या प्रीसीझन (सीझनआधीच्या सरावाच्या) मॅचला आपल्या शिकागो बेअर्स या अमेरिकन फुटबॉल टीमने क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) कॅलेब विल्यम्सला खेळवलं नाही आणि लगेच लिस्टवर सुरू झालं, पोरगा फुकट गेला, ड्राफ्टमधला (टीम्स पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यातला) पहिल्या नंबरचा पिक वाया घालवला, आता पुढच्या वर्षी दुसरा शोधा वगैरे. गणपतीच्या धांदलीत सगळेच आहेत पण हे वाचून राहवेना म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. शिकागोत क्वार्टरबॅक नापास होत नाहीत, त्यांना नापास केलं जातं. आणि ते एकाच पद्धतीने केलं जातं, दर वेळी.

बघा, २०१० साली जायंट्सविरुद्ध जे कटलरला पहिल्या हाफमध्येच ९ वेळा सॅक केलं (बॉल फेकण्याआधीच पाडलं), डोक्याला मार बसला म्हणून दुसऱ्या हाफला तो आलाच नाही. २०२१ ला जस्टिन फील्ड्सचा पहिला स्टार्ट, क्लीव्हलँडला, पुन्हा ९ सॅक, त्यातले साडेचार एकट्या माइल्स गॅरेटचे. त्या दिवशी सॅकचे यार्ड वजा केले तर बेअर्सचं पासिंग किती भरलं माहितीये? १ यार्ड. पूर्ण मॅचमध्ये एक यार्ड! आणि मग गेल्या नोव्हेंबरात पेट्रियट्स इथे सोल्जर फील्डवर आले तेव्हा कॅलेबला परत ९. तीन वेगळे क्वार्टरबॅक, तीन वेगळे कोच, चौदा वर्षांचं अंतर आणि आकडा तोच. अजूनही दोष बॉल फेकणाऱ्याचाच?

दुसरी गोष्ट कोचची. क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीला २०१७ च्या ड्राफ्टमध्ये एक जागा वर सरकून दुसऱ्या नंबरला घेतला (त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला पॅट्रिक महोम्स होता, जो पुढे मोठा क्वार्टरबॅक झाला, ते दुखणं आता परत उकरून काढत नाही), तर त्याच्या पहिल्याच वर्षानंतर हेड कोच जॉन फॉक्सला काढलं. फील्ड्सच्या पहिल्या वर्षानंतर मॅट नेगीला काढलं. कॅलेबच्या तर पहिल्या वर्षाच्या मधेच आधी ऑफेन्सचा (बॉल पुढे नेणाऱ्या बाजूचा) कोऑर्डिनेटर शेन वॉल्ड्रन गेला, मग अडीच आठवड्यांत हेड कोच एबरफ्लूस गेला, आणि १९२० पासूनच्या या टीमच्या इतिहासात चालू सीझनमध्ये हेड कोच काढायची ती पहिली वेळ. म्हणजे पहिल्या राउंडमध्ये घेतलेले लागोपाठ तीन क्वार्टरबॅक आणि तिघांनाही दुसऱ्या वर्षी नवा साहेब, नवं प्लेबुक (ठरवलेल्या चालींची वही), नव्या खुणा, सगळं मुळापासून. कटलरला आठ सीझनमध्ये सहा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिळाले होते. इतक्या वेळा गुरू बदलले तर कुठलं पोर शिकेल?

आणि त्या आपल्या प्रतिस्पर्धी ग्रीन बे पॅकर्सवाल्यांकडे बघा, आवडत नसले तरी बघा. क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्सला तीन वर्षं आधीच्या ब्रेट फारव्हच्या मागे बसवलं, जॉर्डन लव्हला तीन वर्षं रॉजर्सच्या मागे बसवलं. घाई नाही, गोंधळ नाही. आपल्याकडे आल्या आल्या खेळवा आणि हरले की बदला, येरे माझ्या मागल्या.

आपला,
नेपरव्हिलकर

---

प्रेषक : शॉम्बर्गचे काका
दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

अरे नेपरव्हिलकर,

मेल पूर्ण वाचला, मुद्दे चांगले आहेत पण एकतर्फी आहेत. मी इथे १९८४ पासून आहे, ८५ ची टीम बघितलेली आहे, सुपर बोल (लीगची फायनल) ४६-१० ने जिंकलेला डोळ्याने पाहिलाय. तेव्हाचा क्वार्टरबॅक जिम मॅकमॅहन काही फार मोठा पासर नव्हता, पण वेळेवर बॉल हातातून सोडायचा आणि वॉल्टर पेटनला पळू द्यायचा. तुमचा कॅलेब बॉल सोडतच नाही. मी नोव्हेंबरात त्या पेट्रियट्सच्या मॅचला स्टँडमध्ये होतो, वरून सगळं मैदान दिसतं, दोनदा तरी रिसीव्हर मोकळा दिसत होता आणि हा मागे मागे पळतोय, उजवीकडे वळतोय, परत मागे. गेल्या वर्षीच्या ६८ सॅकपैकी सगळे लाइनचे (त्याला राखणाऱ्या पुढच्या पाच जणांचे) कसे?

आणि त्याच ड्राफ्टमधला जेडन डॅनियल्स बघ. दोन नंबरला वॉशिंग्टनला गेला, तोही रुकी (पहिल्या वर्षाचा), त्याचाही कोच नवीन, टीम आदल्या वर्षी आपल्यापेक्षा वाईट होती. १२-५ केलं त्याने आणि कॉन्फरन्स फायनलपर्यंत नेली. लाइन त्याचीसुद्धा काही पोलादी नव्हती. नाचता येईना अंगण वाकडं, असं नको व्हायला. तरुण पोरांना सारखं पाठीशी घालून उपयोग नाही, चूक सांगायला हवी.

गणपतीच्या महाप्रसादाच्या यादीत तुझं नाव अजून नाही, ते आधी टाक.

काका

---

प्रेषक : अरोराची ताई
दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

काका, नेपरव्हिलकर, दोघांनाही नमस्कार.

मी सहसा या विषयात पडत नाही पण आमचा धाकटा हायस्कूलला ऑफेन्सिव्ह लाइनवर खेळतो, लेफ्ट गार्ड, त्यामुळे मी मॅच बघते ती बॉलकडे बघतच नाही, त्या पाच जणांकडे बघते. आणि तिथे जे दिसतं ते टीव्हीवरचे लोक फारसं सांगत नाहीत म्हणून लिहिते.

समोरचा डिफेन्स बऱ्याचदा सरळ येतच नाही. आतला जाड्या माणूस तिरका घुसून टॅकलच्या अंगावर जातो आणि बाहेरचा चपळ माणूस त्याच्या मागून वळसा घालून आत येतो. याला ते स्टंट म्हणतात. आता गार्डने काय करायचं, तर आपल्या पुढचा माणूस शेजारच्या टॅकलच्या हवाली करायचा आणि मागून वळून येणारा दुसरा उचलायचा, आणि हे सगळं सेकंद दीड सेकंदात, एकमेकांकडे न बघता. गार्डने अर्धं पाऊल जास्त आतल्या माणसामागे टाकलं की मधे दार उघडं. आमच्या पोराचा कोच म्हणतो की हे ताकदीने होत नाही, शेजारच्याचा खांदा कुठे असेल हे अंगवळणी पडावं लागतं, आणि त्यासाठी तेच दोघं रोज शेजारी उभे राहायला हवेत. गेल्या वर्षी बेअर्सचे गार्ड सारखे बदलत होते, कधी हा जखमी, कधी त्याला बसवलं, कधी एकाला सीझन चालू असताना काढूनच टाकलं. मग हवाली कोण कुणाला करणार? कॅलेब मागे पळताना दिसतो ते खरं काका, पण त्याच्या आधीच्या सेकंदात मधल्या फटीतून कोण आलं तेही एकदा रिप्लेमध्ये बघा. बाजूने आलेल्या माणसाला क्वार्टरबॅक पुढे सरकून चुकवू शकतो, पण समोरून मधूनच आला तर पुढे सरकायला जागाच उरत नाही, मागेच जावं लागतं.

ताई

---

प्रेषक : नेपरव्हिलकर
दिनांक : १५ ऑगस्ट २०२५

ताई, तुमचा मेल प्रिंट काढून ठेवावा असा आहे. मला जे म्हणायचं होतं त्याचा गाभा तुम्ही सांगितलात.

काका, महाप्रसादाच्या यादीत नाव टाकलं. आता तुमच्या मुद्द्याकडे येतो, कारण तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे आणि मला ते बाजूला सारायचं नाहीये. कॅलेब बॉल जास्त वेळ धरतो. कॉलेजात यूएससीला त्याची ती सवयच होती, तिथे पळून पळून काहीतरी निघायचं, कॉलेज फुटबॉलची हाइजमन ट्रॉफी मिळाली त्यावर. इथे समोरचे सगळेच त्याच्याइतके वेगवान. पण सवय मोडायची तर कुणीतरी शिकवायला लागतं आणि शिकवणाऱ्यांनाच आपण घरी पाठवत होतो. शिवाय अंगण खरंच वाकडं होतं काका! १७ मॅचमध्ये ६८ सॅक म्हणजे दर मॅचला चार. आणि एवढा मार खाऊनसुद्धा वर्षभरात इंटरसेप्शन फक्त ६, मधे साडेतीनशेच्या वर पास सलग टाकले त्यात एकही दुसऱ्याच्या हातात दिला नाही. घाबरलेला किंवा बेजबाबदार पोरगा असं खेळत नाही. त्याला नेमकं काय येत नाही आणि काय येतं हे वेगवेगळं करून बघायला हवं.

डॅनियल्सचं म्हणाल तर त्याचं कौतुक मलाही आहे आणि त्याने शेवटच्या क्षणी लांब फेकलेल्या पासवर (हेल मेरी) आपण हरलो त्यानंतर दोन दिवस मी नीट जेवलो नव्हतो. पण वॉशिंग्टनने काय केलं बघा, त्याला कॉलेजात जे जमत होतं तेच ऑफेन्समध्ये आणलं, भराभर प्ले, लवकर सुटणारे पास, आणि वर्षभर एकच माणूस प्ले सांगायला. आपल्याकडे वर्षात दोन प्ले-कॉलर (प्ले सांगणारे) झाले आणि आता हा तिसरा.

मला सगळ्यात लागलेली गोष्ट थँक्सगिव्हिंगची. डेट्रॉइटला हाफटाइमला १६-० ने मागे होतो, त्या पोराने तीन टचडाउन पास टाकून मॅच २३-२० वर आणली, शेवटच्या मिनिटात बॉल फील्ड गोलच्या (तीन गुणांच्या किकच्या) टप्प्यात होता. मग सॅक झाला. घड्याळ चालू, हातात एक टाइमआउट शिल्लक, आणि साइडलाइनवर हेड कोच उभा. कॅलेब सगळ्यांना हाताने हाका मारून जागेवर आणतोय, प्ले बदलतोय, सेकंद जातायत, २०, १५, १०, आणि कुणी टाइमआउट घेत नाही. स्नॅप झाला (बॉल खेळात आला) तेव्हा जेमतेम सहा सेकंद उरले होते, पास पडला आणि संपलं. टाइमआउट तसाच राहिला. तो बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, त्याने घड्याळ सांभाळायचं, लाइन लावायची, प्ले बदलायचा आणि मोठ्या माणसांनी फक्त बघत राहायचं? दुसऱ्या दिवशी एबरफ्लूसला काढलं ते बरोबरच केलं.

आता सुधारणा म्हणाल तर यंदा पहिल्यांदाच मला वाटतंय की योग्य क्रमाने काम झालंय. आधी बेन जॉन्सनला आणलं, डेट्रॉइटहून. हा माणूस महत्त्वाचा का, तर जॅरेड गॉफमुळे. क्वार्टरबॅक गॉफ रॅम्सचा २०१६ चा पहिल्या नंबरचा पिक, पहिल्या वर्षी सात स्टार्ट आणि सातही हरला, तेव्हा त्यालाही लोक फुकट गेला म्हणत होते. पुढच्या वर्षी शॉन मॅकव्हे कोच आला आणि रॅम्स ११-५. नंतर मॅकव्हेने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकला तर तिथे जॉन्सनने त्याच्याभोवती ऑफेन्स उभा केला, गेल्या वर्षी लायन्स १५-२, गॉफचे ७२ टक्क्यांच्या वर पास पूर्ण. माणूस तोच. कॅलेबचे गेल्या वर्षी साडेबासष्ट टक्के होते आणि जॉन्सनने उघड सांगितलंय की मला ७० हवेत. म्हणजे काका, तुम्ही म्हणता तीच चूक तो त्याला सांगतोय, बॉल वेळेवर सोड, लहान पास घे. फरक इतकाच की सांगणारा स्वतः प्ले लिहिणारा आहे आणि हेड कोचच असल्यामुळे त्याला दुसरी टीम वर्षभरात पळवूनही नेऊ शकत नाही, हे मला फार मोठं वाटतं. चांगला कोऑर्डिनेटर मिळाला तरी तो हेड कोच होऊन दुसरीकडे जातो आणि पोरगा पुन्हा पोरका.

आणि त्यानंतर लाइनचा मधला भाग पूर्ण बदलला. कॅन्सस सिटीहून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाहून सेंटर ड्रू डॅलमन. थूनीकडे चार सुपर बोलच्या अंगठ्या आहेत, ब्रेडी आणि महोम्स दोघांच्याही पुढे उभा राहिलेला माणूस. ताई म्हणतात तशी ती मधली फट बुजवायची तर असेच तिघं हवेत. लेफ्ट टॅकलचं मात्र अजून ठरेना, ब्रॅक्स्टन जोन्सचा डिसेंबरमध्ये घोटा मोडला होता आणि ट्रॅपिलो नवाकोरा आहे, तिथे मला काळजी आहे आणि ती सप्टेंबरमध्ये जाईल असं वाटत नाही.

कॅम्पच्या बातम्या येतायत की हडलमधून (प्ले ठरवायच्या घोळक्यातून) उशिरा निघतात, खुणा चुकतात, म्हणून लोक नाराज आहेत. मला तर उलट बरं वाटलं. अवघड प्लेबुक आत्ताच घालतायत, चुका ऑगस्टमध्ये होऊ देत की.

नेपरव्हिलकर

---

प्रेषक : शॉम्बर्गचे काका
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

काल रात्री बफेलोबरोबरची मॅच पूर्ण बघितली, ३८-० म्हणजे काय चेष्टा नाही. पहिल्याच ड्राइव्हला टचडाउन, रिसीव्हर झकियसला पास सुंदर होता, वेळेवर सुटला हे मी मान्य करतो. पण समोर त्यांचे नेहमीचे लोक कुठे होते, त्यांचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनसुद्धा बसून होता. त्यामुळे माझं मत मी राखून ठेवलंय. गॉफचं उदाहरण मात्र पटलं, ते मला आठवत नव्हतं.

ताई, रिप्ले बघितले. पेट्रियट्सच्या मॅचचे. तू म्हणतेस ते दिसलं.

काका

---

प्रेषक : नेपरव्हिलकर
दिनांक : १८ ऑगस्ट २०२५

काका, मत राखूनच ठेवा, प्रीसीझनवर मीही उड्या मारणार नाही. जानेवारीत लांबोला (पॅकर्सच्या मैदानावर) शेवटच्या सेकंदाला सँटोसच्या किकवर पॅकर्सना हरवलं तेव्हाही मी हेच म्हणालो होतो, एका मॅचने काही ठरत नाही. मला यंदा सुपर बोल नकोय. मला हवंय की १७ मॅच तोच कोच, तेच तिघं मधे, आणि सॅक निम्म्यावर. चाळिशीच्या खाली आले तरी बाकीचं तो पोरगा करेल असा माझा ठाम विश्वास आहे. या टीमच्या एकाही क्वार्टरबॅकने २०२४ च्या सीझनपर्यंत एका सीझनमध्ये पासिंगचे ४,००० यार्ड केलेले नव्हते, १९९५ चा एरिक क्रेमरचा ३,८३८ चा आकडा तोपर्यंत तसाच उभा होता, आणि कॅलेब पहिल्याच वर्षी एवढा मार खाऊन ३,५४१ वर पोचला होता.

८ सप्टेंबरला सोमवारी रात्री व्हायकिंग्ज इथे येतायत. त्यांच्या कोच ब्रायन फ्लोरेसचा डिफेन्स, कुठून कोण येईल सांगता येत नाही, पहिल्याच मॅचला यापेक्षा कठीण पेपर नाही. आमच्या घरी बघायला या सगळे, मोठा टीव्ही आहे, पुलाव मी करतो. ताई, तुम्ही धाकट्यालाही आणा, मला पहिला क्वार्टर त्याच्या शेजारी बसून फक्त थूनी आणि डॅलमनकडे बघायचंय.

नेपरव्हिलकर